उतारावर कोण उभं राहणार?

युद्धाच्या मसलतीला धर्मयोद्ध्याला बोलावतात ते बहुतेक वेळा शोभेसाठी. लखलखीत चिलखत, ढालीवर देवतेचं चिन्ह, खोटं न बोलण्याचं व्रत. असा माणूस शेजारी बसला की आपली लढाई न्यायाची आहे असं राणीलाही वाटतं आणि दाराबाहेरच्या पहारेकऱ्यालाही. पंचाईत होते ती त्याने तोंड उघडल्यावर.

ड्रॅगन आणि जादूगारांच्या ज्या कल्पित राज्यांत हल्लीची मुलं रमतात, तिथे हा माणूस हमखास असतो. खेळणारी मुलं त्याला पॅलाडिन म्हणतात. प्रसंगही ठरलेला. किल्ल्याला वेढा पडलाय, हिवाळा तोंडावर आलाय, कोठारं रिकामी होत चाललीत आणि रात्री उशिरा एका लांब टेबलाभोवती पाचसहा माणसं खलबत करत बसलीत. प्रत्येकाला काहीतरी वाचवायचंय. सेनापतीला फौज, खजिनदाराला खजिना, राणीला गादी. ह्याला वाचवायचा असतो दिलेला शब्द. बाकीच्यांचं सगळं नकाशावर बोट ठेवून दाखवता येतं, ह्याचं येत नाही. त्यामुळे तो बोलायला लागला की सेनापती खिडकीबाहेर बघायला लागतो.

माझं मत आधीच सांगून टाकते. हे पात्र भाबडं रंगवलं की गोष्ट फुकट जाते. भाबडा माणूस मसलतीत हरला की रुसून उठून जातो किंवा मुकाट्याने मान डोलावतो, आणि दोन्हींत बघण्यासारखं काही नसतं. व्रत धरून बसलेल्या माणसाचं खरं काम सुरू होतं ते मत मोजून झाल्यावर. त्याचं कोणी ऐकलं नाही हे धरूनच चालायचं. मग तो कुठे जाऊन उभा राहिला, एवढंच मला बघायचं असतं.

ह्या पात्राची वंशावळ थोडी सांगते, कारण तिच्यात गंमत आहे. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन टेबलावर खेळायचा खेळ अमेरिकेत १९७४ साली आला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन ह्या दोघांचा हा उद्योग. पॅलाडिन त्यात दुसऱ्या वर्षी, १९७५ च्या एका पुरवणीतून दाखल झाला. तेव्हा पात्राचे गुण तीन फासे एकदम टाकून ठरवत, आणि पॅलाडिन व्हायचं तर 'प्रभाव' ह्या गुणात किमान १७ पडायला हवेत अशी अट होती. तीन फासे एकूण २१६ तऱ्हांनी पडू शकतात. त्यांतल्या फक्त ४ तऱ्हांत १७ किंवा १८ येतात. म्हणजे शंभरात दोन माणसंही पुरती नाहीत. मला मौज वाटली ती अटीची. शहाणपण किती हवं ह्याबद्दल ती काही बोलत नव्हती. हा माणूस बोलला की माना वळल्या पाहिजेत, बस्स. तो बरोबरच बोलेल ह्याची हमी नियम करणाऱ्यांनी घेतली नव्हती, आणि त्यांनी माणसं चांगली ओळखली होती असं मला वाटतं.

१९७८ च्या नियमपुस्तकात शिस्त आणखी कडक झाली. जाणूनबुजून एक दुष्ट कृत्य केलं की दैवी शक्ती कायमची गेली. जवळ जादूच्या वस्तू दहापेक्षा जास्त ठेवायच्या नाहीत, मिळकतीचा दहावा हिस्सा दान करायचा, दुष्टांच्या संगतीत राहायचं नाही. खेळ चालवणाऱ्यांना ह्या नियमांचा भारी सोस. बिचाऱ्या पॅलाडिनला दोन्हीकडून पेचात पकडायचं आणि मग 'गेली तुझी शक्ती' म्हणून हसायचं. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत सगळं सैल झालं. आता शपथ आपण निवडायची. भक्तीच्या शपथेत सत्य, धैर्य, करुणा, मान आणि कर्तव्य असं पंचक आहे. आणखी एक सूडाची शपथही आहे. तिच्यात शत्रूचा नायनाट करायला कुठलाही मार्ग चालतो.

माझ्याकडे हे पात्र आलं ते उसनं. इंदूरला सुदामानगरात माझी बहीण राहते, आणि तिच्याकडे रविवारी दुपारी ह्या खेळासाठी भाच्याचा अड्डा जमतो. गोष्ट सांगून खेळ चालवतो तो भाचाच. पावसाळ्यात भुट्ट्याचा कीस, एरवी पोहे आणि शेव. पॅलाडिन खेळणारा त्यांचा मित्र नोकरीला पुण्याला गेला आणि खलबताचा प्रसंग अर्ध्यावर लोंबकळत राहिला. "मावशी, तू बस ना. तुला फक्त बोलायचंय, लढायचं नाहीये," भाचा म्हणाला. फक्त बोलायचंच असेल तर मी कुठेही बसते.

"सूडाची शपथ घे, मावशी," भाचीने सल्ला दिला. "त्यात सगळं अलाउड असतं." मी भक्तीची घेतली. व्रत करायचं आणि त्यात सगळंच चालायचं, तर मग तो खिचडी-वडे-शिऱ्याचा उपास झाला.

सेनापती होता शेजारच्या गल्लीतला एक सिंधी मुलगा. त्याने मला आधीच ऐकवून ठेवलं, "आंटी, ये पॅलाडिन लोग पूरी पार्टी की वाट लगा देते हैं." त्याचंही खोटं नाही. पूर्वी हे पात्र खेळणारे लोक इतरांवर हवालदारकी करत. चोराने कुलूप उघडलं की ह्यांचं प्रवचन सुरू.

टेबलावर मोठा चार्टपेपर पसरलेला. नदी निळ्या स्केचपेनची, धरण म्हणजे काडेपेटी. धरणाखालच्या खोऱ्यात शत्रूची छावणी. शत्रूचे शिपाई म्हणजे शेंगदाणे, आणि त्यांनी आसपासच्या गावांतून वेठीला धरून आणलेली माणसं म्हणजे कच्चा साबुदाणा. सेनापती बोलता बोलता शत्रूचे शिपाई तोंडात टाकत होता आणि भाचा डब्यातून नवी कुमक आणून ओतत होता. साबुदाण्याला कोणी हात लावत नव्हतं. कच्चा होता ना. मोजलाही नव्हता कोणी.

बेत सरळ होता. येत्या अमावास्येला काळोखात धरण फोडायचं. पाणी खोऱ्यात घुसेल, छावणी वाहून जाईल, वेढा उठेल. भाचीची जादूगारीण नदीच्या वळणावरून बोट फिरवत म्हणाली की पाणी किल्ल्याकडे येणार नाही. खजिनदार झालेल्या मुलीने सांगितलं, धान्य अकरा दिवसांचं उरलंय. सेनापती म्हणाला, "सिंपल है. डॅम टूटा, वॉर खतम." मग राणीचा आवाज काढून भाच्याने मला विचारलं, "आपलं काय मत?"

मी विचारलं, "फोडायला कोण जाणार?"

"क्या मतलब कौन? आर्मी जाएगी."

"आर्मीत कोण?"

भाच्याला तिथल्या तिथे एक सुरुंगवाल्यांची तुकडी जन्माला घालावी लागली. तुकडी आली म्हणजे तिचा नायक आला. मी विचारलं, तो कुठला? भाच्याने डोकं खाजवलं आणि बिलंदरपणे सांगितलं की तो ह्याच खोऱ्यातला, आणि त्याची बहीण धरणाखालच्या गावात दिलेली आहे. म्हणजे ती आता त्या साबुदाण्यात. सेनापतीचा हात शेंगदाण्यांपाशी थांबला. "अरे यार, ये चीटिंग है," तो म्हणाला, पण त्यानंतरची चर्चा वेगळ्याच सुरात सुरू झाली.

मसलतीत बहुतेक वाक्यांना कर्ता नसतो. माझी सगळी नोकरी सरकारी कचेरीत नस्त्यांच्या गठ्ठ्यांत गेली. नोटशीटच्या तळाशी 'आवश्यक कार्यवाही की जाए' एवढं लिहून साहेबांची सही असायची. कार्यवाही कोणी करायची, कोणाच्या दारात जाऊन करायची, ह्याचा उल्लेख नाही. मग ती नस्ती एकेक टेबल खाली घरंगळत जायची आणि शेवटी ज्याच्यापाशी थांबायची त्याची 'नाही' म्हणायची वेळ टळून गेलेली असायची. वरच्या प्रत्येकाने फक्त सही केलेली, आणि दारात उभा राहणार हा एकटा. युद्धातही ह्यापेक्षा वेगळं होत असेल असं मला वाटत नाही. फरक एवढाच की तिथे नस्तीऐवजी घोडेस्वार धावतात.

म्हणून व्रतस्थ माणसाने मसलतीत धर्म, न्याय, देव असले मोठाले शब्द काढूच नयेत. ते सेनापतीलाही पाठ असतात, आणि तो ते जास्त झोकात बोलतो. ह्याने फक्त विचारावं की मशाल कोण धरणार, दोर कोण कापणार, आणि खाली झोपलेल्या माणसांत आपलं कोण आहे. एवढं विचारूनही बेत टिकला तर तो निदान उघड्या डोळ्यांनी केलेला बेत होतो.

व्रताचा आणखी एक रोकडा फायदा असतो, आणि तो सेनापतीच्या लक्षात आणून द्यावा लागतो. ह्या माणसाने अभय दिलं तर ते पाळलं जाईल हे शत्रूलाही ठाऊक असतं. तसा भरवसा नसेल तर वेढ्यातला शेवटचा शिपाईही हत्यार खाली ठेवत नाही. तो मरतो, आणि मरताना आपले दोनचार घेऊन जातो. समुद्रकाठी रामाच्या मसलतीत हेच झालं. विभीषण दारात येऊन उभा राहिला तेव्हा सुग्रीव कडाडून विरोधात होता. शत्रूचा भाऊ, रात्रीतून गळा कापेल, ह्याला मारूनच टाका, असं त्याचं म्हणणं. सेनापती म्हणून त्याचं काही चुकलं नव्हतं. रामाने ऐकून घेतलं आणि सांगितलं की जो एकदा 'मी तुझा' म्हणून शरण येतो त्याला अभय देणं हे माझं व्रत आहे. त्या व्रतापायी लंकेची खडान्खडा माहिती असलेला माणूस फौजेत आला. तिथे व्रत आणि व्यवहार एकाच बाजूला पडले. नशीब नेहमी इतकं चांगलं नसतं.

माझं तर नव्हतंच. भाच्याने राणीचा आवाज सोडला आणि स्वतःच्या आवाजात विचारलं, "ठीक आहे मावशी. नाही फोडलं धरण. अकरा दिवसांनी धान्य संपलं, किल्ल्यातली पोरं मेली. तुझे हात स्वच्छ. मग?"

मुलगा हुशार आहे. पॅलाडिनच्या नेमक्या बरगडीत मारलं त्याने. हातांच्या स्वच्छतेची हौस हाच ह्या पात्राचा जुना रोग, आणि तो थेट मूळपुरुषापासून आलेला आहे. शार्लमेन बादशहाच्या दरबारातले बारा वीर हे पॅलाडिनांचे मूळपुरुष, आणि त्यांतला सगळ्यात नावाजलेला रोलां. दंतकथेतल्या मसलतीत तो दयेची बाजू मांडत असेल असं आपण धरून चालतो. पण शत्रूकडून तहाचा निरोप येतो तेव्हा उठून उभा राहणारा आणि 'वेढा घाला, लढाई चालू ठेवा' म्हणणारा रोलांच असतो. शत्रूने आपले दोन वकील मारलेत, त्याच्या शब्दावर कसला विश्वास ठेवता, असा त्याचा मुद्दा. मुद्दा खराच आहे. म्हणजे आदर्शवादी माणूस मसलतीत शांततेच्या बाजूनेच उभा राहील असा काही नियम नाही. कित्येकदा सगळ्यात लांबलचक युद्ध त्यालाच हवं असतं, कारण त्याला अर्धवट न्याय चालत नाही.

पुढे पिरेनीज पर्वताच्या खिंडीत पिछाडी सांभाळताना शत्रू चाल करून येतो. रोलांचा मित्र ऑलिव्हिए त्याला विनवतो की शिंग फुंक, बादशहा मागे फिरेल. रोलां फुंकत नाही. मदत मागितली तर घराण्याच्या नावाला बट्टा लागेल. त्याने शिंग फुंकेपर्यंत पिछाडी जवळजवळ कापली गेलेली असते. इतिहासातली खरी चकमक इसवी सन ७७८ ची, आणि हल्ला करणारे त्या डोंगरातलेच बास्क लोक होते. दंतकथेने ते बदलून मुसलमान फौज आणली, कारण धर्मयुद्धाच्या काळात डोंगरी टोळीकडून मार खाल्लेला वीर कोणाला हवा होता? ते राहू दे. मला शिंग महत्त्वाचं वाटतं. मानासाठी मरायचा हक्क ज्याचा त्याला असेल, पण शिंग त्याच्या एकट्याच्या मालकीचं नव्हतं. त्या आवाजावर मागच्या सगळ्यांचा जीव टांगलेला होता.

म्हणून मी भाच्याला म्हटलं, "माझे हात स्वच्छ राहणार नाहीत, हे मला मान्य आहे. पण मग ते कशात बुडवायचे हे तरी मला ठरवू दे." सेनापतीला हे वाक्य फिल्मी वाटलं. होतंच थोडं. प्रभाव १७ असलेल्या माणसाला तेवढं चालायचंच.

मतं मोजली. माझ्या बाजूने मी एकटी.

इथे मला कृपाचार्य आठवले. खरं तर सगळी दुपारच ते डोक्यात होते. दुर्योधन मांड्या मोडून पडलेला, कौरवांचे तीनच वीर उरलेले, रात्री वडाखाली बसलेत. अश्वत्थाम्याला झोप नाही. त्याला दिसतं की वरच्या फांद्यांवर कावळे गाढ झोपलेत आणि एक घुबड येऊन त्यांना एकेक करून मारतंय. त्यावरून त्याला बेत सुचतो की पांडवांच्या छावणीवर रात्रीच घाला घालायचा. ही तिघांची मसलत महाभारतातली सगळ्यात लहान मसलत असेल, आणि माझ्या मते सगळ्यात भयानक. कृप त्याला समजावतात. झोपलेल्याला, शस्त्र ठेवलेल्याला, रथ मोडलेल्याला मारू नये. धृतराष्ट्र, गांधारी, विदुर ह्यांना विचारू. आज नीज, उद्या सकाळी आम्ही दोघं तुझ्या खांद्याला खांदा लावून लढू. एकही शब्द खोटा नाही, एकही शब्द जास्तीचा नाही. अश्वत्थामा उत्तर देतो की धर्माचा बांध पांडवांनीच आधी शंभर ठिकाणी फोडलाय, तेव्हा मला कसले नियम सांगता? आणि रथ जोडायला लागतो.

कृप त्याच्याबरोबर जातात. छावणीच्या दाराशी कृप आणि कृतवर्मा उभे राहतात. आत अश्वत्थामा कापाकापी करतोय, आणि जी माणसं अर्धवट झोपेत, निःशस्त्र, जीव मुठीत धरून दाराकडे धावत येतात त्यांना हे दोघं दारात मारतात. मग छावणीला तीन ठिकाणी आग लावतात, आतल्याला उजेड मिळावा म्हणून. रात्रीच्या पहिल्या प्रहरी ज्याने 'झोपलेल्याला मारू नये' म्हटलं, तोच हा माणूस. त्याने आत जाऊन मारलं नाही, दारात उभा राहिला. कदाचित त्याच्या मनाने ह्यालाच आपला शब्द पाळणं म्हटलं असेल. पुढे हेच कृप परीक्षिताचे गुरू झाले. वाढदिवसाला चिरंजीवांचा जो श्लोक आपण म्हणतो त्यात अश्वत्थामा पहिला, विभीषण पाचवा आणि कृप सहावे. लहानपणी माझ्या वाढदिवसाला आजी तो श्लोक म्हणायची तेव्हा ह्यातलं काही डोक्यात येत नसे. आता भाच्याला ओवाळताना मी तोच म्हणते, आणि सहाव्या नावाशी जीभ जरा अडखळते.

कृपांना मी खलनायक मानत नाही. आपल्यातले बहुतेक लोक कृपच असतात. मसलतीत आपलं मत मांडून मोकळे होतात, ते टिपणात नोंदवूनही घेतात, आणि मग दाराशी नेमून दिलेलं काम चोख करतात.

दुसरं दार पानिपताच्या मागचं. इंदूरच्या मराठी घरात पानिपताचा विषय जपूनच काढावा लागतो, पुण्याचे पाहुणे असले तर जास्तच. मल्हाररावांनी पाय काढता घेतला हे वाक्य कोणीतरी टाकतं आणि मग जेवण थंड होतं. आमच्याकडे उत्तर तयार असतं की गनिमी काव्याने लढा, हे मल्हारराव आधीपासून सांगत होते आणि कोणी ऐकलं नाही. पण मला आज मल्हाररावांचं सांगायचं नाहीये. भरतपूरच्या सूरजमल जाटाचं सांगायचंय. भाऊसाहेबांच्या मसलतीत त्याने सुचवलं की बायकामुलं, यात्रेकरू आणि जड तोफखाना मागे सुरक्षित किल्ल्यांत ठेवा, हलकी फौज घेऊन शत्रूला दमवा, रसद तोडा. भाऊंचा भरवसा इब्राहिमखान गारद्याच्या तोफांवर. सल्ला मानला गेला नाही. दिल्लीनंतर सूरजमल आपली फौज घेऊन निघून गेला. म्हणजे तोही आमच्या सेनापतीच्या हिशेबाने पळालाच.

१४ जानेवारी १७६१ ला जे व्हायचं ते झालं. ऐन थंडीत जखमी, उपाशी, अंगावर धड कपडा नसलेली माणसं दक्षिणेकडे निघाली, आणि वाटेत लागला सूरजमलचा मुलूख. त्याने दारं उघडली. अन्न दिलं, कपडे दिले, औषधपाणी केलं, पुढे ग्वाल्हेरच्या वाटेला लावून दिलं. बाजीराव-मस्तानीचा मुलगा समशेरबहाद्दर जखमी होऊन त्याच्याच मुलखात पोचला आणि तिथेच वारला. अब्दालीचा राग ओढवून घेण्याची जोखीम होती, तरी सूरजमलने हे केलं. तो काही धर्मयोद्धा वगैरे नव्हता. चांगला मुरलेला, हिशेबी राजकारणी होता. पण मसलतीत ज्याचं ऐकलं नाही, 'मी सांगत होतो' म्हणायचा ज्याला पुरेपूर हक्क होता, त्याने त्या हक्काचं काय केलं ते बघा. इंदूर-ग्वाल्हेरच्या आपल्या घराघरांत पानिपतावरून अजून भांडणं होतात, पण सूरजमलचं नाव मी त्यात क्वचितच ऐकलंय.

तर मतं मोजून झाली आणि मी राणीला म्हटलं, "बेत तुमचा. मी तो फोडणार नाही, खाली जाऊन सांगणारही नाही, कारण इथल्या मसलतीचा शब्द मी दिलाय. पण खोऱ्याच्या खालच्या अंगाला नदीला उतार आहे. तिथे पाणी पसरट होतं. मला दोरखंड द्या, होड्या द्या, कंदील आणि वीसेक माणसं द्या. धरण फुटलं की आम्ही उतारावर उभे राहू, आणि जो वाहत येईल त्याला ओढून काढू."

"जो मतलब? दुश्मन भी?" सेनापती.

"कपडे वाहून गेल्यावर कोण कोणाचा, हे अंधारात मला कळणार नाही."

भाचा म्हणाला, फासा टाक. वीस बाजूंचा हिरवा पारदर्शक फासा स्टीलच्या ताटलीत टाकायचा, म्हणजे तो टेबलाखाली जात नाही. खणखण वाजत फिरला आणि चांगला पडला. राणी 'हो' म्हणाली. मग एक गोष्ट झाली जिची मी अपेक्षा केली नव्हती. भाचीने स्वतःचा कागद पुढे ओढला आणि म्हणाली, "सुरुंगवाल्याला नाही पाठवायचं. त्याची बहीण आहे तिथे. बेत माझा होता, मी जाते." जादूगारीण एकटी अंधारात धरणावर गेली. काडेपेटी तिने स्वतःच्या हाताने उचलली, आणि नंतर बराच वेळ तशीच मुठीत धरून बसली होती.

माझे फासे उतारावर काही चांगले पडले नाहीत. भाच्याने नियम केला की प्रत्येक चांगल्या दानाला मी चिमूटभर दाणे उचलून माझ्या वाटीत टाकायचे, वाईट पडलं की तो तेवढेच नकाशावरून पुसणार. तो हाताच्या कडेने सपासप पुसत होता. साबुदाणा जमिनीवर सांडत होता. बहीण स्वयंपाकघरातून ओरडली, "तो पायाखाली आला की घसरायला होतं रे!" वाटीत शेवटी मूठभर साबुदाणा जमला आणि त्यात मिसळलेले काही शेंगदाणे.

सेनापतीने सवयीने हात पुढे केला. मी वाटी मागे ओढली. "हे खायचे नाहीत. हे शरण आलेत."

"आंटी, मूंगफली है!"

"माझ्या वाटीत आहे."

त्यावरून भांडण जुंपलं. सेनापतीचं म्हणणं, कैदी फौजेचे, त्यांच्यावर हक्क त्याचा. खजिनदारीण म्हणाली, कैद्यांना खायला कुठून घालणार, धान्य अकराच दिवसांचं होतं आणि आता तोंडं वाढली. तिचा मुद्दा बिनतोड होता. भाचीने तोडगा काढला की वेढा उठल्यावर शत्रूचं कोठार शोधायचं, अर्थात ते पाण्यात गेलं नसेल तर. सुरुंगवाल्याची बहीण वाटीत आहे की जमिनीवर, हे भाच्याने सांगायचं नाकारलं. पुढच्या रविवारी कळेल म्हणाला. धरण फुटणार हे ठाऊक असून गप्प राहिल्याबद्दल माझ्या पॅलाडिनची शक्ती गेली की राहिली, ह्यावर तो मोबाइलमध्ये नियम शोधत बसला. त्याला एकमेकांविरुद्ध दोन मतं सापडली. सेनापतीने मात्र तोपर्यंत कागद घेऊन हिशेब मांडायला सुरुवात केली होती. सात दोरखंड तुटले, तीन होड्या गेल्या, आणि हे सगळं कोणाच्या खात्यात लिहायचं हा पुढच्या खलबतातला पहिला विषय राहील, असं त्याने मला उद्देशून, अगदी 'मॅडम' म्हणून, कळवलं.